तुम्ही विचारलंत म्हणून: वायरचं मशीन की बॅटरीचं?

सुतारकामाला नव्याने हात घालणारे मला हमखास विचारतात, "सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची विजेवरची करवत) वायरचा घेऊ की बॅटरीचा?" एकच मशीन घ्यायचं असेल आणि कामाच्या जागी वीज असेल, तर वायरचं घ्या, असंच मी सांगतो.

१८ व्होल्टची, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर, म्हणजे ९० वॉटचं यंत्र तासभर चालेल एवढी वीज. वायरचं मशीन १२०० ते १८०० वॉटचं असतं. १४०० वॉटचं मशीन पूर्ण भाराने चाललं, तर तेवढी वीज चार मिनिटांच्या आतच संपेल. अर्थात इतका भार सतत पडत नाही, आणि ब्रशलेस (आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली) मोटर वीज जपून वापरते. त्यामुळे प्लाय किंवा पातळ फळ्या आडव्या कापायला बॅटरी छान पुरते. जाड, टणक लाकूड उभं, म्हणजे रेषांच्या दिशेने, चिरायला घेतलं की मात्र ती भराभर उतरते. (डब्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं पाहून जास्त ताकदीची समजू नका. १८ व्होल्टचीच बॅटरी पूर्ण चार्ज असताना तेवढं दाखवते.)

तरीही छपराच्या वाशांवर किंवा जिन्यात काम असेल, तर मी बॅटरीचंच मशीन उचलतो. वायरची खरी भीती मला तिथे वाटते. कापता कापता ती फळीच्या कडेला अडकते, मशीन किंचित तिरकं होतं, ब्लेड चिरेत आवळलं जातं आणि मशीन झटक्याने अंगावर येतं. वायर खांद्यावरून मागे सोडली तर हे बरंचसं टळतं. एक्स्टेंशनची तारही पुरेशी जाड हवी. बारीक आणि लांब तारेत व्होल्टेज पडतं, मोटर तापते. गुंडाळी तर पूर्ण उलगडूनच वापरा, नाहीतर तारच तापते.

ब्लेडबद्दल कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. उभं चिरायला २४ दातांचं, प्लायला ४० किंवा जास्त दातांचं. बोथट ब्लेड बॅटरी खातं आणि लाकूड जाळतं. बॅटरीच्या मशीनला पातळ ब्लेड लावा, कमी लाकूड कापावं लागतं.

ब्लेड बदलताना प्लग आपण सवयीने काढतो. बॅटरी मात्र अनेकजण तशीच ठेवतात. पान्याला हात लावण्याआधी ती काढून बाजूला ठेवा.