भर दुपारी, व्हॉल्व्हच्या आवाजात

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळी संगीत महोत्सवात, दुपारी तीनच्या उन्हात, मी धाकट्या स्टेजसमोर उभा होतो. स्टेजवर चौघे जण होते आणि त्यांच्या बँडचे नाव मी त्या दिवसापूर्वी कधी ऐकलेले नव्हते. कार्यक्रम सुरू व्हायला पाचेक मिनिटे उरली असताना ऑर्गन वाजवणाऱ्याने एक स्वर दाबून धरला, तेव्हा गिटार आणि बेस वाजवणाऱ्या दोघांनी पायाजवळचे ट्यूनर, म्हणजे सूर अचूक लागला का ते दाखवणारी यंत्रे, बंद केली आणि मान खाली घालून, केवळ कानाने, त्या स्वराशी आपल्या तारा जुळवायला सुरुवात केली. ट्यूनर समोर असताना ही माणसे कानाने का लावत बसली आहेत, हे मला तेव्हा कळले नाही. त्यांचा ऑर्गन विजेवर चालणारा हॅमंड होता; पुढे त्याची रचना वाचली तेव्हा त्या पाच मिनिटांचा उलगडा झाला.

जुन्या हॅमंड ऑर्गनमध्ये स्वर तयार होतात ते फिरणाऱ्या दातेरी धातूच्या चाकांमधून, आणि ही चाके फिरवणाऱ्या मोटरची गती विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. बी-३ हे त्यातले सर्वांत नावाजलेले मॉडेल १९५४ ते १९७४ या काळात तयार होत होते. बैठक आणि पायपट्ट्यांसह त्याचे वजन २०० किलोच्या आसपास भरते, शिवाय फिरत्या भोंग्याचा लेस्ली स्पीकर वेगळा उचलावा लागतो. वीज ५० हर्ट्झची असायला हवी आणि जनरेटर जरा मंदावून ती ४९ वर आली, तर संपूर्ण ऑर्गन अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांश इतका उतरतो, आणि त्याला पुन्हा चढवण्याची खुंटी वादकाच्या हाती नसते. अशा वेळी बाकीच्यांनी ऑर्गनपाशी यायचे असते. त्या दुपारी तेच घडत होते: एका जनरेटरच्या चालीशी चार माणसे आपला सूर जुळवून घेत होती. त्यानंतरची चाळीस मिनिटे जे वाजले ते ट्यूनरच्या हिशेबाने किंचित उतरलेले असेल, पण आपसात इतके एकजीव होते की ते उतरलेपण कानाला जाणवलेच नाही.

जुन्या धाटणीचा आवाज काढणाऱ्या आजच्या रॉक बँडांविषयी मी जेव्हा विचार करतो, तेव्हा मला ही दुपार आठवते. बेल-बॉटम, लांब केस आणि झालरीची जाकिटे ही या बँडांची ओळख म्हणून छायाचित्रांत दिसतात आणि टीकाकार बहुधा तिथेच थांबतात. मला मात्र वाटते की त्यांच्यातल्या चांगल्या बँडांनी १९६८ ते १९७४ या काळाकडून खरी उचल केली ती वाजवण्याच्या पद्धतीची. आवाज त्या पद्धतीमागून आला.

ही पद्धत म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहायला हवे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या जुन्या, अँप्लिफायरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला की ध्वनिलहरीचे माथे एकदम तुटत नाहीत, ते गोलसर दबतात, आणि त्या दबण्यातून तो भरदार, किंचित खरखरीत आवाज निर्माण होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा अँप वादकाच्या हाताला उत्तर देतो. तार हलकी छेडली तर स्वर स्वच्छ येतो, जोराने छेडली तर तो फाटू लागतो, आणि गिटारवरची आवाजाची कळ किंचित मागे घेतली तर तीच खरखर विरून जाते. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली पहिले मार्शल अँप तयार झाले, तेव्हा त्यांना वाद्यवादकांच्या मागणीनुसार मोठा आवाज हवा होता. त्या मोठ्या आवाजासोबत ही स्पर्शाची भाषा आपोआप आली. डिजिटल उपकरणे आज या अँपची फार चांगली नक्कल करतात आणि त्यात काही वावगे नाही. पण त्या भाषेत बोलायचे तर हात तयार असावा लागतो, आणि तो कोणत्याही उपकरणाबरोबर मिळत नाही.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकी रॉक जोडीने २००३ साली प्रसिद्ध केलेला ‘एलिफंट’ हा अल्बम बहुतांशी लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठच स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या, टेप यंत्रावर, संगणकाचा वापर न करता मुद्रित झाला. आठच ट्रॅक हाती असले की काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे वाजवण्याआधी ठरवावे लागते. नंतर दुरुस्त करू, ही सोय राहत नाही. तिसरी गोष्ट लयीची. आज बहुतेक गाणी कानात वाजणाऱ्या टिकटिकीवर, म्हणजे क्लिक ट्रॅकवर, मुद्रित होतात. त्यामुळे लय काटेकोर राहते, पण ध्रुवपदाकडे जाताना किंचित पुढे सरकण्याची आणि नंतर पुन्हा स्थिरावण्याची जी जुन्या रेकॉर्डमधली सहज हालचाल होती, ती नाहीशी होते. ड्रमवाला आणि बेसवाला एकमेकांकडे पाहून लय धरतात, तेव्हा ती लय त्या दोघांचीच असते.

आता ग्रेटा व्हॅन फ्लीटविषयी बोलायलाच हवे, कारण या विषयावरचा प्रत्येक वाद शेवटी त्यांच्यापाशी येतो. मिशिगन राज्यातल्या फ्रँकनमुथ या छोट्या गावातून २०१२ साली निघालेला हा बँड. जॉश आणि जेक हे जुळे भाऊ, त्यांचा धाकटा भाऊ सॅम, आणि ड्रमवर डॅनी वॅग्नर. २०१८ साली त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम आला तेव्हा पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी १.६ गुण दिले आणि ही सत्तरच्या दशकातल्या लेड झेपलिन या बँडची उसनी सावली आहे असा सूर जवळपास सर्वत्र लागला. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांच्या आधीच्या संग्रहाला सर्वोत्तम रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. दोन्ही निवाडे मला घाईचे वाटतात. साम्य होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जॉशची उंच पट्टीतली हाक ऐकून झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट आठवला नाही असा श्रोता क्वचितच सापडेल. पण विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलांनी आपल्या आवडत्या पूर्वसुरींची री ओढावी, हे शिकण्याच्या वाटेवरचे स्वाभाविक ठिकाण आहे. स्वतः लेड झेपलिनने विली डिक्सन आणि मडी वॉटर्स यांच्या ब्लूजमधून इतके काही घेतले होते की डिक्सन यांनी १९८५ साली त्यांच्यावर दावा केला आणि तो १९८७ मध्ये तडजोडीने मिटला. घेणे हा या संगीताचा पाया आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे ऋण मानले का, आणि घेतलेल्यात आपले काही मिसळले का, हे दोनच प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. २०२३ साली निर्माते डेव्ह कॉब यांच्यासोबत केलेल्या ‘स्टारकॅचर’मध्ये या भावांचा आवाज मोकळा झालेला मला ऐकू येतो; चौघे एका खोलीत वाजवत आहेत हे कळते, आणि झेपलिनची आठवण दाराबाहेर थांबते.

याच कॉब यांनी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या रायव्हल सन्स या बँडचे अल्बम घडवले आहेत. मला विचारले तर या धाटणीतला आजचा सर्वांत खणखणीत बँड हाच. गायक जे ब्युकॅनन यांच्या गळ्यात गॉस्पेल आणि सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी गायनपरंपरांची ओढ आहे, आणि स्कॉट हॉलिडे यांचे, आवाज खरखरीत करणाऱ्या फझ पेडलमधून येणारे गिटार त्या गळ्याला वाट करून देते, त्याच्यावर चढून बसत नाही. युरोपात हीच ओढ स्वीडनमध्ये सर्वाधिक दिसते: गोथेनबर्गचा ग्रेव्हयार्ड, ओरेब्रोचा विचक्राफ्ट, आणि त्याच गावाशी नाते असलेला ब्लूज पिल्स, ज्यात सुरुवातीला स्वीडिश गायिका एलिन लार्सन, फ्रेंच गिटारवादक आणि अमेरिकी तालवादक असे तीन देशांचे लोक एकत्र आले होते. बर्लिनचा कडावार याच कुळातला.

माझ्या म्हणण्याला छेद देणारे उदाहरणही आहे, आणि ते मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या केव्हिन पार्करने टेम इम्पाला या नावाने जे सुरुवातीचे अल्बम केले, ते साठच्या दशकातल्या सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नवत गुंगवणाऱ्या, रॉकच्या रंगात भिजलेले होते, पण स्टुडिओत जवळपास सर्व वाद्ये तो एकटाच वाजवतो, थरावर थर रचत. एकत्र वाजवण्याची पद्धत तिथे नाही, तरीही ते संगीत जिवंत आहे. मात्र हेच संगीत महोत्सवात न्यायचे झाले तेव्हा त्यालाही पूर्ण बँड उभा करावा लागला, आणि २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवाच्या मुख्य स्टेजवर शनिवारची रात्र त्याच बँडने पेलली.

मैदानात हे घडावे लागते, याचे कारण मैदानाच्या स्वभावात आहे. अमेरिकेत १९६७ च्या जूनमध्ये माँटेरे येथे आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या शेतावर उन्हाळी महोत्सवांनी जो आकार घेतला, तो पुढे सर्वत्र पसरला. १९७० साली इंग्लंडमध्ये मायकेल ईव्हिस यांनी आपल्या शेतावर ग्लास्टनबरीचा पहिला महोत्सव भरवला, तेव्हा प्रवेशमूल्य एक पौंड होते आणि त्यात शेतावरचे दूध फुकट मिळत होते. डेन्मार्कचा रॉस्किल्ड त्याच्या पुढच्या वर्षीचा. पण शेत ही संगीतासाठी अवघड जागा आहे. खोलीत भिंती आवाज परतवतात आणि त्या परतलेल्या आवाजाने बँडला अंग येते. मैदानात आवाज निघाला की निघालाच. उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणून दुपारी आवाज वरच्या बाजूला वळतो आणि मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत नीट पोचत नाही. वारा त्यात आणखी भर घालतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे स्टेजपासून ७० मीटरवरच्या मनोऱ्यातले स्पीकर सेकंदाच्या पाचव्या भागाइतके उशिरा वाजवावे लागतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. गिटारच्या तारा उन्हात तापून सैलावतात आणि स्वर उतरतात. शिवाय दुपारच्या बँडला बहुधा नीट साउंडचेक मिळत नाही. प्रत्येक माइक चालू आहे ना एवढे घाईघाईने तपासले जाते आणि पहिल्या गाण्यातच ध्वनिव्यवस्थापक सगळे जुळवत आणतो.

या परिस्थितीत ज्या बँडचा आवाज पूर्वमुद्रित थरांवर उभा असतो, त्याला तो आवाज जसाच्या तसा मिळतो, आणि पडेल त्या हवेत तो तसाच राहतो. एकमेकांना ऐकत वाजवणाऱ्यांना मात्र त्या दुपारशी बोलता येते. पहिले गाणे विसकळीत झाले तर दुसरे ते जरा संथ घेतात, गिटार मागे सरते, बेस पुढे येतो. चौघांच्या बँडमध्ये प्रत्येक वाद्याला जागा असते, म्हणून उघड्या मैदानात त्यांचा आवाज गढूळ होत नाही. अंधार नाही, दिव्यांचे खेळ नाहीत, मागे मोठे पडदे असले तरी उन्हात ते फिके दिसतात. जे काही आहे ते वाजवण्यातच असावे लागते.

आणि इथेच आयोजकांविषयी माझी तक्रार आहे. जुन्या धाटणीचे नवे बँड वर्षानुवर्षे दुपारच्या वेळेतच अडकून पडतात, आणि रात्रीची मानाची जागा त्यांच्या पूर्वसुरींसाठी, त्यांच्या निरोपाच्या दौऱ्यांसाठी, राखून ठेवली जाते. ब्लॅक सॅबाथच्या २०१६-१७ च्या निरोपाच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवण्यासाठी रायव्हल सन्सची निवड झाली, हा त्यांचा सन्मानच होता. पण निरोप घेणारे गेल्यावर ती रात्र कोणाला द्यायची, याचा निर्णय अजून धैर्याने घेतला जात नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या रीडिंग महोत्सवाने एका रात्री जुन्याच धाटणीच्या द डार्कनेसला आणि दुसऱ्या रात्री व्हाइट स्ट्राइप्सला मुख्य स्थान दिले होते. डार्कनेसचा पहिला अल्बम येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. असा विश्वास पुन्हा टाकायला हवा.

त्या दुपारच्या बँडने शेवटचे गाणे ठरल्यापेक्षा लांबवले. स्टेजच्या कडेला उभा असलेला माणूस हाताने वेळ संपल्याची खूण करत होता, ऑर्गनवाला डोळे मिटून वाजवत होता, आणि ड्रमवालीने ती खूण पाहिली तेव्हा तिने फक्त काठी उंचावली. ती काठी तिघांनीही पाहिली, डोळे मिटलेल्यानेसुद्धा, कारण काठी वर जाताच झांजेचा आवाज थांबला होता. पुढच्या ठोक्यावर चौघे एकदम थांबले. मग सहा जणांनी मिळून तो ऑर्गन फळ्यांच्या उतारावरून खाली उतरवला, आणि त्यांतले चौघे म्हणजे नुकताच वाजवून थांबलेला, घामाने भिजलेला तो बँडच होता.