तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांनी लढाईत किती मारले?

१६ डिसेंबर जवळ आला की कुणीतरी विचारतंच, तुमचे वडील ७१ च्या लढाईत होते ना, मग काय काय गोष्टी सांगायचे? लहान पोरं तर डायरेक्ट, किती मारले? अण्णा होते तेव्हा त्यांनाही हेच विचारायचे आणि ते म्हणायचे, मारले नाय बाबा, काढले. पोरं नुसती बघत राहायची.

अण्णा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले. मूळ साताऱ्याकडचे, तिकडं घरटी एक तरी मिलिटरीत, त्यामुळे भरती झाले याचं कुणाला काही विशेष नव्हतं. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, आणि रणगाडे पुढं सरकायच्या आधी जमिनीतले सुरुंग काढून वाट करून देणारे. पश्चिम सीमेवर अण्णांनी तेच केलं. पोटावर झोपायचं आणि लोखंडी सळई जमिनीत तिरकी खुपसायची, सरळ नाही, कारण सरळ दाबली तर सुरुंगाच्या डोक्यावरच दाब पडणार. टणक काही लागलं की हातानं माती बाजूला करायची. बस, एवढंच सांगितलं त्यांनी. अजून खोदून विचारलं की विषय रामा राघोबा राण्यांवर न्यायचे, त्यांच्याच सॅपर्सचे, १९४८ ला राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढले म्हणून परमवीर चक्र मिळालेले. स्वतःचं मेडल ट्रंकेत, गोधड्यांखाली.

पण ती लढाई दोन आठवड्यांची हो. त्यानंतर माणसानं वीस-पंचवीस वर्षं रेल्वेत काढली, त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही, आणि मला खरं सांगायचंय ते तेच.

पेन्शन घेऊन बाहेर पडले तेव्हा जेमतेम पस्तिशीचे होते. माजी सैनिकांच्या कोट्यातून गँगमन, म्हणजे रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीतले कामगार म्हणून लागले, पुढं कीमन झाले. नातेवाईक कुजबुजायचे, हवालदार माणूस आणि आता खडी टाकतोय. अण्णांना त्याचं काही नव्हतं.

कीमन म्हणजे ठरलेल्या पाच-सहा किलोमीटरच्या बीटवर रोज पायी फिरणारा माणूस, जाताना एका रुळावर नजर ठेवायची आणि येताना दुसऱ्या, रूळ घट्ट धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर हातोड्यानं ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, म्हणजे फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, वेल्ड म्हणजे रुळांचे वितळवून केलेले जोड बघायचे, खांद्यावर हातोडा-पाना, सोबत लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके. उन्हाळ्यात रूळ वाढतो, थंडीत आखडतो आणि ताणानं तुटू शकतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जास्त भीती. पुणेकर मस्त थंडी पडलीये म्हणून खूश आणि आमच्या घरी अण्णा चार वाजताच जागे.

अशाच एका पहाटे दापोडीच्या पुढं त्यांना वेल्ड तुटलेला दिसला, मधे बोट जाईल एवढी फट. मग येणाऱ्या गाडीच्या दिशेनं झेंडी दाखवत पळत सुटायचं. ब्रॉडगेजला नियम असा की ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन फटाके रुळावर बांधायचे, चाक वरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. गाडी थांबली. लेट झाली म्हणून पॅसेंजरांनी खिडकीतून शिव्या घातल्या, ऑफिसनं रोख बक्षीस दिलं आणि आईनं त्यातून कुकर घेतला. अण्णांचं म्हणणं एवढंच, मिलिटरीत उडणारं काढायचो, इथं लावायला लागलं. वर हेही म्हणायचे की सुरुंग एकदा निघाला की निघाला, रूळ कालचा आज चालत नाही, रोज बघायलाच लागतो. मला विचाराल तर या रोज बघण्यालाच जास्त जिगर लागते, पण त्याला ना परेड ना बॅन्ड.

रिटायर झाल्यावर नोव्हेंबरमध्ये हयातीचे दाखले दोन, मिलिटरीचा वेगळा, रेल्वेचा वेगळा, अण्णा म्हणायचे मी दोनदा जिवंत आहे. आणि गाडीत बसले की गप्पा नाहीत, पेपर नाही, कान खाली चाकांकडे. मुंबईला जाताना मधेच म्हणणार, इथं पॅकिंग, रुळाखालची ठासलेली खडी, ढिलं झालंय, आणि लोणावळ्याला उतरून स्टेशन मास्तरांना किलोमीटरचा आकडा सांगून येणार. आई दारात उभी राहून ओरडतेय, अहो गाडी सुटेल, आणि हे आपले मास्तरांनी आकडा वहीत लिहून घेईपर्यंत हलत नाहीत.