शुक्रवारची बस

आमच्या इथे, इंग्लंडात, किराणा दुकानासमोर संध्याकाळी पोरं जमतात. मागच्या वर्षी आमच्या गाडीचा आरसा फोडला, तेव्हा मीही चार शिव्या हासडल्या होत्या. कौन्सिलने आधी पाटी लावली: २०१४च्या कायद्यानुसार हुल्लडबाजीला बंदी, मोडल्यास जागेवरच १०० पौंडांपर्यंत दंड. आठवड्यात पाटीवर स्टिकरच स्टिकर!

आता दर शुक्रवारी कार पार्कात पोरांसाठी जुनी बस येते. आत दोन प्लेस्टेशन, एक टोस्टर आणि पोरांना नावानिशी ओळखणारी एक बाई. परवा डोकावले, तर आमच्याच गल्लीतला तो दांडगट पोरगा धाकट्यांना टोस्टला लोणी लावून देत होता. ‘आंटी, वॉन्ट वन?’ म्हणाला. घेतला. जरा करपला होता.

बस आठला जाते. साडेआठला पोरं पुन्हा दुकानासमोर.