आजीचं काळं इरकल पुन्हा नेसेपर्यंत

कोकणातल्या जुन्या ट्रंकांमध्ये अस्सल जरीचं लुगडं क्वचितच हाती लागतं, हे मला आता चांगलंच कळलंय. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. घरात अडचण आली की दागिन्यांच्या पाठोपाठ शालूचा नंबर लागायचा. जुनी जर घेणारे दारावर यायचे, काठपदर वजनावर घेऊन जायचे आणि ते जाळून चांदी काढायचे. उरलेलं सुती-रेशमी बोहारणीकडे जायचं आणि त्याच्या बदल्यात घरात पातेलं यायचं. आमच्या आजीचा शालू काकांच्या शिक्षणासाठी असाच गेला. मागे राहिलं ते मोडून काहीच मिळणार नव्हतं म्हणून वाचलेलं काळं इरकली लुगडं. मला ते शालूपेक्षा मोलाचं वाटतं, कारण शालू घडीत असायचा आणि हे ती नेसायची.

जुन्या वस्तूंचा मला लहानपणापासून लळा. चिनी मातीच्या बरण्या, पितळी पानदान, काचेची बटणं, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, स्टुडिओत काढलेले पुठ्ठ्यावरचे फोटो, असं बरंच काही माझ्याकडे जमलंय. मुंबईच्या चोरबाजारात गेले की मी मटण स्ट्रीटवरून लवकर परतत नाही. पण तिथली वस्तू कितीही सुंदर असली तरी ती कुणाच्या घरातून आली हे कळत नाही. या लुगड्याचं सगळंच ठाऊक होतं. आरवलीच्या घराची कौलं उतरवायची ठरली आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. तळाशी जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं होतं, आत वेखंडाचे तुकडे. आतेने गाठ सोडली आणि कडेला हात फिरवत म्हणाली, "ह्यां आमच्या आवशीचां गो. संक्रांतीक नेसायची."

इरकल ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं वाण. अंग सुती, पदर रेशमी, लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याला आपल्याकडे टोपपदर म्हणतात. गंमत अशी की पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला एकेक धागा फास घालून जोडलेला असतो. लुगडं उलटं करून त्या जागेवर बोट फिरवलं की बारीक ओळ लागते. आमच्या लुगड्यात ती ओळ शाबूत होती. अंग काळंभोर, काठ डाळिंबी, गोमी नावाच्या नक्षीचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि एवढ्या लांबीत ठिगळ एकही नाही.

मग मी तो फोटो शोधला. आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे, मागे रंगवलेला पडदा, शेजारी तिवईवर फुलदाणी. फोटो कृष्णधवल, त्यामुळे लुगडं काळं की हिरवं हे सांगता येईना. त्या काळच्या बऱ्याच निगेटिव्हच्या काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटायचा. कपाळावरचं कुंकू म्हणूनच तिथे इतकं काळं दिसतं. पण खांद्यावरून पुढे आलेल्या पदराचे पांढरे पट्टे स्वच्छ होते. मी भिंग घेऊन त्यांचा क्रम मोजला, मग लुगड्याचा पदर शेजारी पसरून तोच क्रम लावून पाहिला. जाड, बारीक, बारीक, मधे फणीसारखी नक्षी, पुन्हा जाड. जुळलं. त्या क्षणी ठरवलं की हे कपाटात ठेवायचं नाही, संक्रांतीला नेसायचं.

दसरा होऊन गेला होता. कोकणात असल्या कामाला हाच मुहूर्त बरा. पावसाळ्याची ओल गेलेली असते आणि ऑक्टोबरचा ताव हवेत असतो. पण लुगडं थेट उन्हात टाकलं नाही, रंग उडतो. पडवीत, वारा येईल आणि ऊन येणार नाही अशा जागी जुन्या चादरीवर पसरलं. बुरशीचे डाग मऊ ब्रशने अंगणात, नाकाला रुमाल बांधून झाडले. मग दिवसाच्या उजेडात खिडकीपुढे एकेक हात धरून पाहत गेले. उजेडासमोर धरलं की कापड सगळं सांगतं. अंगाचा पोत बहुतेक ठिकाणी घट्ट होता. घड्यांच्या रेषांवर मात्र धागे विरले होते, कारण वर्षानुवर्षं घडी त्याच जागी पडत होती. एका कोपऱ्यात ट्रंकेचा गंज लागून तांबूस डाग आले होते आणि कसरीने काठाजवळ दोनतीन ठिकाणी खाल्लं होतं. काळ्या रंगाची मला सर्वांत जास्त धास्ती होती. लोखंडाचा वापर करून बनवलेला जुना काळा रंग काळाच्या ओघात धागाच खातो, हात लावला की कापडाची भुकटी होते. मी कडेचा एक सुटा धागा हळूच वाकवून पाहिला. तो तुटला नाही.

लॉन्ड्रीवाले म्हणाले, ड्रायक्लीन करून रोल प्रेस मारू, नवं दिसेल. शिवणकाम करणाऱ्या ओळखीच्या ताईंनी काठ कापून नव्या कापडाला लावायचं सुचवलं, आणि ती पद्धतही चांगली आहे, ज्याचं अंग गेलंय अशा लुगड्यांना. मला हे अख्खं हवं होतं. जुनी वस्त्रं जतन करणारे लोक एक नियम पाळतात: जे कराल ते उद्या उलटवता आलं पाहिजे. गोंद, चिकटपट्टी, इस्त्रीने चिकटणारं अस्तर या सगळ्यांवर मी तेव्हाच काट मारली. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ चोळायचा घरगुती उपाय सगळ्यांनी सांगितला. लिंबाच्या आम्लाने डाग जातो आणि त्या जागचं कापडही कमकुवत होतं. डाग ठेवले. ते नेसल्यावर आतच जाणार होते.

धुवायचं की नाही, याचा विचार मी सर्वांत जास्त केला. आधी पांढऱ्या कापसाचा बोळा ओला करून काळ्या अंगावर, डाळिंबी काठावर आणि पदराच्या लालवर वेगवेगळा दाबून ठेवला. गार पाण्याला तिन्ही रंग टिकले. कोमट पाण्याच्या बोळ्यावर लालची गुलाबी छटा आली. म्हणजे गारच पाणी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: सूत भिजलं की मजबूत होतं, रेशीम भिजलं की नाजूक. एकाच लुगड्यात दोन्ही असल्यामुळे ओलं असताना ते पदराकडून उचलायचं नाही. मच्छरदाणीचं जुनं कापड खाली घालून, त्या झोळीतच लुगडं मोठ्या टबात सोडलं. रिठे रात्री भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं तळहाताने दाबायचं. पहिलं पाणी चहासारखं निघालं. आमच्या विहिरीच्या पाण्याला पावसाळ्यानंतर थोडी तांबूस झाक असते, म्हणून शेवटची पाणी फिल्टरची वापरली. फेस पूर्ण जाईपर्यंत.

वाळवताना खरी घाई करावी लागली. लाल-पांढरा पदर फार वेळ ओला राहिला तर लाल पांढऱ्यात उतरतो. आईने आणि मी माजघरापासून पडवीपर्यंत चादरी अंथरून लुगडं सपाट पसरलं, पदरावर टॉवेल दाबून पाणी टिपून घेतलं, पंखे लावले. दोरीवर टाकलं असतं तर ओल्या कापडाच्या वजनानेच विरलेल्या घड्या फाटल्या असत्या. संध्याकाळी काळा रंग असा खुलून आला की आई नुसती बघत राहिली. तिने सासूला त्या लुगड्यात पाहिलेलं होतं.

डागडुजीला मलमल लागली. धुऊन कांजी काढलेली, काळी रंगवून पुन्हा पुन्हा धुतलेली, म्हणजे रंग सुटायला नको. विरलेल्या जागेच्या खाली तिचा तुकडा ठेवायचा आणि जुन्या कापडाच्या सशक्त भागापासून सुरुवात करून बारीक धावदोरा घालायचा. टाका विरलेल्या जागेवर घट्ट ओढायचा नाही, नुसता आधार द्यायचा. दोरा कापडापेक्षा कच्चा हवा, कारण ताण आला तर दोरा तुटावा, लुगडं नाही. सुई अगदी बारीक, मणी ओवायची. कसरीने खाल्लेली भोकं सावंतवाडीच्या एका वयस्कर रफूगारांना दाखवली. त्यांनी लुगड्याच्याच आतल्या टोकातून धागे काढून ती विणून दिली. आता ती जागा मलाही शोधावी लागते.

पण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते नेसण्यात. नऊवारीचा ताण सगळीकडे सारखा नसतो. कमरेची गाठ आणि मागे खोचलेला कासोटा, या दोन जागा सगळा भार घेतात. बसताना, उठताना, जिना चढताना कासोटा खेचला जातो. निऱ्यांना मात्र काहीच ताण नाही, त्या नुसत्या झुलतात. तेव्हा विरलेल्या घड्या निऱ्यांत जायला हव्यात आणि चांगलं कापड कासोट्यात यायला हवं. आतेसमोर मी आधी एक जुनं सुती पातळ त्याच लांबीचं नेसून पाहिलं. गाठ कुठे येते, कासोटा कुठे, खांदा कुठे, तिथे तिथे रंगीत दोऱ्याचे सैल टाके घातले. मग ते पातळ आणि इरकल शेजारी शेजारी पसरून जागा ताडून पाहिल्या. एक विरलेली घडी नेमकी कासोट्यावर येत होती. आतेने गाठ वीतभर पुढे मारायला लावली, पदर तेवढा आखूड केला, आणि घडी सरकून निऱ्यांत गेली. इतकं साधं. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, जुनेर नेसून नेसून आलेली अक्कल होती ती. मी ओढून चापूनचोपून बसवायला गेले की म्हणायची, "लुगड्याचां वय झालां, तुझां नाय. हळू वड."

नेसण घराघरात वेगळी. मासळी विकणाऱ्या बायका कासोटा घट्ट आणि लुगडं गुडघ्यापर्यंत ठेवतात, म्हणजे पाण्यात शिरता येतं. आजीची नेसण पायघोळ, निऱ्या थोड्या डावीकडे. फोटोत ते दिसतं.

चोळीसाठी माझ्या डोळ्यापुढे दोन चित्रकार होते. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी रंगवलेल्या बाजारातल्या, पाणवठ्यावरच्या बायका बघा, चोळी सहसा काठाशी मिळतीजुळती नसते. काळ्यावर पोपटी, तांबड्यावर निळी. दीनानाथ दलालांच्या चित्रांतही तसंच, रंग एकमेकांना भिडतात आणि तरी शोभतात. मॅचिंग ब्लाउज हे फॅड नंतरचं. मी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण घेतला, गडद हळदी रंगाचा, बारीक ठिपक्यांचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांत, काळ्यावर पिवळा किती उठून दिसतो ते लहानपणापासून पाहत आले होते, तोच भरवसा. चोळी पुढे गाठ मारायची, बाही दंडापर्यंत, काठ बाहीवर. गळ्यात फक्त ठुशी, कानात मोत्यांच्या कुड्या, केसांचा खाली बांधलेला अंबाडा आणि त्यावर घरच्या अंगणातल्या अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. सुरंगीची फुलं हवी होती, पण ती वेंगुर्ल्याकडे फुलायला शिमग्याचे दिवस जवळ यावे लागतात.

संक्रांतीला नेसले. हळदीकुंकवाला आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी आधी पदराला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं. एकीने काठ बोटांत धरून गोमी ओळखली, दुसरीने आपल्या लग्नातल्या लुगड्याचा रंग सांगितला, आणि पुढचा तासभर वाण-तिळगूळ बाजूला राहून कुणाचं काय गेलं, काय उरलं याच गोष्टी झाल्या. घरी आल्यावर टाके तपासले. मलमलीचे दोन टाके तुटले होते, लुगडं जसंच्या तसं.

आता ते धुतलेल्या मलमलीत असतं. वर्तमानपत्रात नाही, त्यातल्या आम्लाने कापड पिवळं पडतं. डांबरगोळ्याही नाहीत. वेखंड आणि लवंगांची पुरचुंडी, तीही कापडाला न टेकणारी. दर तीनचार महिन्यांनी घडी मोडते आणि दुसरीकडे घालते. रथसप्तमीला आतेने तिच्या ट्रंकेतून एक पोपटी रेशमी लुगडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याला थोडी का होईना पण खरी जर आहे, खाऱ्या दमट हवेने काळी पडलेली. त्याला पाणी लावायचं नाही, लिंबू-चिंच तर नाहीच, एवढं आत्ताच ठरवलंय. घासली तर काळ्याबरोबर मुलामाही जाईल. सध्या धोतरात गुंडाळून ठेवलंय, येत्या दसऱ्यानंतर उघडेन.