विरळणी चालू, थंडी आहे

आज संध्याकाळी द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंद करायला वही उघडली आणि पाने उलटताना मागच्या वर्षीच्या याच आठवड्यावर नजर गेली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘विरळणी चालू. थंडी आहे. बाया कमी.’ मग कपाटातल्या जुन्या वह्याही काढल्या. आप्पांच्या उभट अक्षरात तीच ओळ, त्याआधीच्या वहीत पुन्हा तीच, फक्त एके ठिकाणी ‘बाया’ऐवजी ‘मजूर’. निर्यातीसाठी नोंदी ठेवाव्या लागतात म्हणून या वह्या टिकल्या, एरवी त्या कोणी जपल्या असत्या असे वाटत नाही. आप्पांची शेवटची वही मात्र मी पुरती उघडली नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळतो आहे, की इतकी वर्षे राबून आम्ही नेमके केले काय? एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. मध्ये काड्या बांधा, शेंडे मारा, काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावा, जास्तीच्या फुटी काढा, घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवा, आणि माल गेला की बाग पुन्हा होती तिथे. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे ९७० झाडे बसतात. झाडावर ३० घड धरले तरी २९ हजार घड होतात, आणि त्यातला प्रत्येक घड हातात घेऊन त्यातले जास्तीचे ज्वारीएवढे मणी कात्रीने वेचून काढावे लागतात, हीच विरळणी. हा हिशेब मी आज उगाच मांडला, कारण मांडल्यापासून मान जास्त दुखते आहे. जुन्या मांडवाखाली दिवसभर हात डोक्याच्या वर धरावे लागतात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारांवर वेली चढवलेल्या नव्या प्लॉटमध्ये ते छातीशी राहतात, एवढीच काय ती आमची प्रगती.

त्यातही विरळणी हे काढून टाकण्याचे काम, त्यामुळे त्याची खूण राहतच नाही. छाटणीनंतर निदान बांधावर काड्यांचा ढीग दिसतो. इथे पायाखाली पडलेले हिरवे मणी दोन दिवसांत सुकून मातीत दिसेनासे होतात. विरळणी नीट झाली तर उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते, घडाच्या आत हवा आणि औषध पोचते, आणि माल बघायला आलेला व्यापारी कौतुक करतो ते मण्यांचे. विरळणीची आठवण होते ती घट्ट राहिलेला घड आतून कुजला तरच. मी शाळेत शिकवत होते तेव्हा निदान वह्यांवर लाल शाईने काही तरी उरायचे. पण तो विषय आता नको.

आज बागेत माझ्या पुढच्या ओळीत पेठकडच्या मजूर टोळीतली मावशी होती. ओळ किती उरली हे पाहायला ती मान वर करत नाही, आणि अशा वेळी दुसऱ्याच्या गप्प राहण्याला समाधान म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. पण काम उक्ते आहे, पैसे झाडावर ठरलेले आहेत, त्यामुळे ती मनातल्या मनात माझ्यापेक्षा कितीतरी चोख मोजत असणार. कामाचा अर्थ शोधण्याची चैन मजुरीवर येणाऱ्याला नसते, ती आमच्यासारख्यांना असते. तरी एवढे खरे, की दुपारनंतर घडाची कोणती पाकळी, म्हणजे बारीक फांदी, ठेवायची आणि कोणती काढायची हे हात परस्पर ठरवू लागतात, आणि तो तास-दीड तास मला ‘कशासाठी’ हा प्रश्न पडलेला नसतो. तो पडतो घरी आल्यावर, वही समोर असताना.

आता रात्री शांतपणे विचार करते तेव्हा वाटते की वहीतल्या त्या ओळी सारख्या असल्या तरी त्यांच्यामागची वर्षे एकमेकींपासून सुटी नाहीत. थंड देशांत हिवाळ्यात पाने गळून द्राक्षाची वेल आपणहून झोपी जाते आणि वर्षातून एक छाटणी तिला पुरते. आपल्याकडची ऊब तिला झोपूच देत नाही, म्हणून तिचे ऋतू माणसाला कात्रीने करावे लागतात. खरड छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत, ऊन चांगले मिळाले तर, नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तोच बाहेर येतो. म्हणजे आज मी ज्या घडांना कात्री लावली, ते उन्हाळ्यातल्या आमच्याच राबण्यातून आलेले होते, आणि आम्ही घामाने निथळत काड्या बांधत होतो तेव्हा ते त्या काडीत डोळा मिटून बसलेले असणार. हे मला माहीत नव्हते असे नाही; आप्पा दर एप्रिलला टोळीला ऐकवायचे, आणि त्यांचे ते व्याख्यान संपायची आम्ही वाट पाहायचो.

तेव्हा पुढच्या वर्षीच्या विरळणीचे काम येत्या एप्रिलमध्ये मी स्वतःच्या हातांनी वाढवून ठेवणार आहे, आणि गोडी छाटणीनंतर घड कमी निघाले तर पहिली तक्रारही माझीच असणार. आजची नोंद मात्र अजून व्हायची आहे. थंडी आहे हे यंदा लिहिणार नाही. नोंदवहीत थंडीला रकानाच नाही, आप्पांनी ती शेऱ्याच्या जागेत घुसवली होती.