थोमाचं बोट आणि आजीची जपमाळ

ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये दरवर्षी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातला भाग वाचला जातो. क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठलाय, यावर त्याच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, म्हणणारा त्याचा शिष्य थोमा. लहानपणी वसईच्या आमच्या चर्चमध्ये मला तो फार जवळचा वाटायचा. गणितात स्टेप्स न दाखवता उत्तर लिहिलं की मलाही पटायचं नाही.

गंमत म्हणजे त्याने खरंच बोट घातलं, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. येशू ‘घाल’ म्हणतो आणि थोमा थेट ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ म्हणून मोकळा. ते जखमेतलं बोट इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या चित्रातलं. आणि अकराव्या अध्यायात ‘चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ म्हणणारा हाच, हे कुणाच्या लक्षातही नसतं. नावाला चिकटला तो संशयच.

माझ्या आजीची नजर काचबिंदूने गेली. संध्याकाळी ओट्यावर बसून ती जपमाळ ओढायची, बहुतेक मण्यांवर मारियेची प्रार्थना, ‘नमो मारिया’. ५९ मण्यांतला एक कधीचा तुटलेला, तिथे आईने निळ्या दोऱ्याची गाठ मारलेली. कॉलेजात असताना एकदा मी आगाऊपणे विचारलं, “आजी, ऐकतंय का कोणी पलीकडे?”

तिने माझा चेहरा चाचपला, हनुवटीवर अंगठा फिरवला. “दाढी कर,” म्हणाली.

मग बोटं पुन्हा माळेवर. गाठ आली, तिथेही ती थांबली आणि पूर्ण ‘नमो मारिया’ म्हटलं.