रात्रपाळीला कोण असतं?

सोमवार, रात्री

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आत्यासाठी निवासी केंद्र बघायचं ठरलं. निघण्याआधी सगळं कागदावर उतरवून ठेवते. तिथे गेल्यावर बाग, देवघर, पांढऱ्याशुभ्र चादरी बघून मन निवतं आणि विचारायचं तेच राहून जातं.

केंद्राच्याही आधीची एक गोष्ट. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढत जातो. दोन-चार दिवसांत माणूस एकदम बदलला, मधेच सुस्त, मधेच अंगावर धावून जाणारा झाला, तर त्याला ‘आजार वाढला’ म्हणून मोकळं होऊ नये. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम खाली जाणं, साखर कमी-जास्त होणं, चार-पाच दिवस शौचाला न होणं, नुकतीच सुरू केलेली एखादी गोळी, यांतलं काहीही असं करू शकतं. मागच्या काही आठवड्यांत पडणं झालं असेल तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साकळलेलं असू शकतं, त्यासाठी सीटी स्कॅन. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्याही. उपचाराने उतरणारा गोंधळ कायमचा समजून माणसाला घराबाहेर हलवलं, तर त्याचं दुहेरी नुकसान होतं.

मग फोनवरची चाळणी. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले बरेच वृद्धाश्रम ‘स्वतःची कामं स्वतः करणाऱ्यां’नाच घेतात, आणि तसं स्पष्ट सांगणारे चांगलेच म्हणायचे. विचारायचं ते असं: दिवसभर येरझाऱ्या घालणारी व्यक्ती चालते का? लघवी-शौचाचं भान गेलेली? घास तोंडात धरून बसणारी? आणि पुढे अंथरुणाला खिळली तर ठेवता, की घेऊन जा म्हणता? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि दोन वर्षांनी पुन्हा शोधाशोध सुरू होते. जागा बदलणं या आजारात फार महाग पडतं.

मंगळवार

आजचा विषय माणसं. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

केंद्राचा मालक, मॅनेजर, आठवड्याला येणारे डॉक्टर यांच्याशी आत्याचा संबंध दिवसातून दहा मिनिटांचा. उरलेले तास देखभाल करणाऱ्या मावशींच्या हातात. तिला नाव लक्षात राहणार नाही, पण रोजचा हात, रोजचा आवाज ओळखीचा होतो. परका हात अंगावरचं लुगडं सोडायला लागला की माणूस ओरडतो, चावतो, मारतो. मग वहीत ‘आक्रमक’ असं लिहिलं जातं आणि झोपेची गोळी सुरू होते. ज्या केंद्रात मावशी दर दोन महिन्यांनी बदलतात तिथे ही साखळी पुनःपुन्हा फिरते.

म्हणून विचारायचं: सगळ्यांत जुन्या मावशी इथे किती वर्षं आहेत? पाळी किती तासांची? बारा तासांची असेल तर आठवड्याची सुट्टी मिळते का, आणि त्या दिवशी बदली कोण? रात्री किती जण असतात आणि त्यांतले जागे किती? माझा हिशेब असा: चालत्या-फिरत्या डिमेन्शियाच्या लोकांमागे दिवसा पाच-सहा जणांना एक, रात्री दहा-बारा जणांना एक, तोही जागा. कॉरिडॉरमध्ये चटई टाकून झोपलेली, दिवसभर राबलेली मावशी म्हणजे रात्रपाळी नव्हे. पडण्याचा धोका रात्री मोठा असतो: लघवीला उठणं, अंधार, झोपेच्या गोळीची गुंगी.

माणसं कमी असली की बांधणं सुरू होतं. खुर्चीच्या पाठीमागे ओढणीची गाठ, मनगटावर पट्ट्याचा वळ, पलंगाचे दोन्ही कठडे वर. कठडे सुरक्षित वाटतात, पण गोंधळलेला माणूस त्यांवरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. खाली आणता येणारा पलंग आणि शेजारी जमिनीवर गादी हे त्याहून बरं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत भान आणि स्मृती यांतला गंभीर बिघाडही येतो. तेव्हा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारावं. याच कायद्याच्या कलम ९५ ने साखळदंडाने बांधायला बंदी आहे. कलम ९७ सांगतं की तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, लेखी नोंद करून बांधता येतं, आणि त्या व्यक्तीचा कायद्याप्रमाणे नेमलेला प्रतिनिधी असेल त्याला २४ तासांत कळवावं लागतं. कर्मचारी कमी आहेत हे कारण त्यात चालत नाही. ‘एखाद्याला बांधायची वेळ आली तर काय करता?’ असं साध्या आवाजात विचारावं. ‘आमच्याकडे तसं लागतच नाही’ या उत्तराने मी समाधानी होणार नाही. मागच्या वेळी काय केलं ते सांगता आलं पाहिजे.

बुधवार, संध्याकाळ

केंद्रं भेटीसाठी सकाळी अकराची वेळ देतात. तेव्हा आंघोळी उरकलेल्या, केस विंचरलेले, सगळे शांत. जायचं ते संध्याकाळी पाच ते आठ. उन्हं उतरली की या आजारात बेचैनी वाढते. थकवा, अंधूक उजेड, लांब पडणाऱ्या सावल्या, पाळी बदलताना होणारा गलका. त्याच वेळी ‘मला घरला जायाचंय’ सुरू होतं.

ते वाक्य आल्यावर मावशी काय म्हणते, एवढं ऐकलं तरी पुष्कळ कळतं. ‘आता हेच तुमचं घर, गप बसा’ म्हटलं की वाद पेटतो. ‘उद्या मुलगा येणार हाय न्यायला’ या थापेने दहा मिनिटं निघतात, पण त्या आजींचे डोळे दाराकडे लागून राहतात. जिला काम कळतं ती शेजारी बसते, ‘घरी कोण कोण हाय तुमच्या? म्हस किती दूध देती?’ असं विचारते, हात धरून एक फेरी मारून आणते, चहा देते. घरला जायचंय म्हणजे पुष्कळदा भीती वाटतेय, लघवी लागलीय, भूक लागलीय, काहीतरी दुखतंय. ते शोधणारी बाई हवी. दिवेही बघायचे: साडेपाचलाच ट्यूब लागतात, की वीजबिलासाठी साडेसातपर्यंत अंधार?

गुरुवार

संडास-बाथरूम. यात लाज धरून चालत नाही, आत जाऊन कडी लावून बघायची.

कडी बाहेरून उघडता आली पाहिजे. कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्का बसवलेला आडवा दांडा हवा. टॉवेल अडकवायच्या दांड्याला धरून माणूस पडतो. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड या आजारात नीट दिसत नाही, बसायची जागा चुकते. गडद रंगाची सीट लावली की फरक पडतो. दारातलं काळं पायपुसणं तिला खड्डा वाटू शकतं आणि ती उंबऱ्यावर थबकते. चकचकीत फरशी पाण्यासारखी दिसते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर महिना-महिना फरशी सुकत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर काय करता, हे वेगळं विचारावं.

वासाचं असं: सकाळी कपडे बदलण्याच्या वेळी लघवीचा वास येणं साहजिक आहे. दुपारी दोनला गादीतून, खुर्चीच्या कुशनमधून येत असेल तर तो मुरलेला आहे. फिनाईलचा उग्र वास सगळीकडे दाटलेला असेल तरी मी तेच समजेन. डायपर चोवीस तासांत किती लागतात? ‘दोन’ ऐकलं तर उठावं. चार-पाच लागतात, आणि ज्यांना चालता येतं त्यांना जागेपणी दर दोन-तीन तासांनी संडासला नेलं तर कमी लागतात. ‘आम्ही नेतो’ म्हणाले तर वेळांची वही दाखवा म्हणावं.

खिळलेल्या लोकांच्या टाचा आणि माकडहाड बघायचं, पडून राहिल्याने जखमा तिथे होतात. दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी असली तरी कूस बदलावी लागतेच. तिथल्या एखाद्या आजींशी बोलताना ओठ सुकलेत का, नखं वाढलीत का, चष्म्याची काच स्वच्छ आहे का, कवळी त्यांचीच आहे का, एवढं सहज दिसतं. नाव न घातलेल्या कवळ्या आणि कानाची यंत्रं अशा ठिकाणी अदलाबदल होतात. मग ऐकू न आल्याने माणूस गप्प होतो आणि तो आजाराचाच भाग समजला जातो.

शुक्रवार, जेवणाची वेळ

यावर मला जास्त लिहायचंय, कारण वजन इथेच उतरतं.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात वास घ्यायची शक्ती कमी होते, आणि वास गेला की चव जाते. जन्मभर कांदा-लसूण चटणीवर जेवलेल्या बाईपुढे ‘पथ्याचं’ म्हणून अळणी वरण-भात ठेवला तर ती ताट सारते. ‘खात नाहीत हो’ असं सांगितलं जातं. चिमूटभर कांदा-लसूण मसाला, वरून तूप, लिंबू, एवढ्यावर पुष्कळ जण जेवतात. केंद्राच्या स्वयंपाकघरात त्याची मुभा आहे का, हे स्वयंपाकीणबाईंनाच विचारावं.

दुसरं, आमटीत कुस्करलेली भाकरी. आपल्याकडे दात नसलेल्यांना हेच देतात, आणि गिळणं शाबूत असेल तोवर ते उत्तमच. गिळणं बिघडलं की मात्र पातळ आणि गुठळी एकत्र असलेला घास सगळ्यांत अवघड: पाणी आधी घशात उतरतं, तुकडा तोंडात राहतो, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. भाकरी पूर्ण भिजवून, घोटून एकजीव करावी, चमचा कललेला धरला तर हळूहळू घसरेल इतपत. भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, पुढचा घास आधीचा गिळल्यावरच. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. हे जेवणाच्या वेळी जाऊनच दिसतं: एक मावशी उभी राहून तिघांना आळीपाळीने भरवतेय, की समोर बसून एकीला? अशा व्यक्तीला भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. बारा जणांचं जेवण चाळीस मिनिटांत उरकत असेल तर कोणीतरी उपाशी उठतंय.

पाणी मागायचं सुचत नाही, म्हणून ते दिवसभर हातात द्यावं लागतं. डॉक्टरांनी कमी सांगितलं नसेल तर ताक, सरबत, चहा धरून दीड लिटरच्या आसपास. वजनाची वही मागावी. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो, तर डॉक्टरांना कळवायला हवं. वजनकाटा आणि वही दोन्ही नसतील तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी माझा विश्वास बसणार नाही.

शनिवार

औषधं. प्रत्येकाचा वेगळा डबा, दिल्यावर सही. रिस्पेरिडोन, क्वेटायपिन, ओलान्झपिन, हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या (अँटिसायकोटिक) गोळ्या कधी लागतात, पण डिमेन्शियात त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला, हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांबद्दल २००८ मध्ये. पक्षाघाताचा धोकाही आहे. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी प्रकारात तर हॅलोपेरिडॉलने अंग ताठून प्रकृती गंभीर होऊ शकते. कोणी लिहून दिल्या, कशासाठी, आणि तीन महिन्यांच्या आत कमी करून बघितल्या का, हे तीन प्रश्न. दुपारी चारला सगळा हॉल खुर्च्यांत पेंगत असेल तर वही बघायची गरज नाही. साध्या सर्दीच्या क्लोरफेनिरामिनच्या गोळीनेही गोंधळ वाढतो, म्हणून विचारल्याशिवाय काहीही देऊ नका असं लेखी द्यावं.

रविवार

पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत धोका पातळीच्या कितीतरी वर पाणी होतं. इमारतीत पाणी आलं होतं का, हे सगळेच विचारतात. त्याहून मोठी अडचण अशी की मावशी आसपासच्या गावांतून येतात, आणि बंधारे पाण्याखाली गेले, केर्लीजवळ किंवा गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं की त्यांचा रस्ता तुटतो. आधीच्या पाळीची बाई दोन-दोन दिवस अडकते. तेव्हा पुराच्या दिवसांत मुक्कामी कोण राहतं, त्यांची झोपायची सोय काय, पंधरा दिवसांची औषधं आणि डायपर शिल्लक असतात का, लिफ्ट बंद पडली तर खिळलेल्यांना वर कसं नेणार? २०१९ ला उपसा केंद्रंच बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता, तेव्हा बोअर किंवा टाकी किती लिटरची, हेही.

पैशांचं थोडक्यात: डायपर, फिजिओ, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स महिन्याच्या रकमेत की वेगळे, दवाखान्यात ठेवलं तर तिकडे सोबत कोण आणि इकडची फी किती, अनामत कधी परत, रात्री तब्येत बिघडली तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्यायचं की खासगीत, आणि निर्णय कोणाला फोन करून. सगळं करारात. ‘पहिला महिना भेटायला येऊ नका, रुळू दे’ अशी अट असेल तर मी त्या केंद्राचं नाव खोडणार. भेट कोणत्याही वेळी, जेवणाच्या वेळीही, चालली पाहिजे. तक्रारीची वेळ आली तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आत्याबद्दल एक पानभर लिहून द्यायचं आहे: तिला ‘आक्का’ म्हटलं की ती वळते, आंघोळीला डोक्यावरून पाणी घेतलेलं सहन होत नाही, पायापासून सुरू करावं, डाव्या कुशीवर झोपते, गुडघा दुखला की सांगत नाही, पदर चावते, चहा बशीतून. हे पान ऑफिसात फायलीला लागलं तर उपयोग नाही. एक प्रत रात्रपाळीच्या मावशींना समोर बसून वाचून दाखवायची आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटवायची.